मेळघाटातली बाळंतपणं: दवाखान्यात डिलिव्हरी झाली की आपलं काम संपत नाही

प्रश्न थोडक्यात असा: एका नव्या डॉक्टरांना बॉण्डचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं पोस्टिंग अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) मिळालंय. ते विचारतायत की इतक्या योजना झाल्या, इतका पैसा ओतला, १९९३ पासून पेपरात बातम्या येतायत, तरी तिथं बाळंतिणी आणि नवजात बाळं अजून का जातात, लोकच दवाखान्यात यायला तयार नसतात हे कितपत खरं, आणि तिथं गेल्यावर नेमकं करायचं काय.

मी धारणी आणि चिखलदरा या दोन तालुक्यांत मिळून १७ वर्षं मेडिकल ऑफिसर म्हणून काढली, त्यातली बरीचशी वर्षं पीएचसीला एकटीच डॉक्टर होते, त्यामुळे जे लिहितेय ते लेबर रूमच्या दारातून दिसलेलं आहे. उत्तर लांबणार, घाईत वाचू नका.

आधी ते "लोकच येत नाहीत" वालं वाक्य. पहिल्या वर्षी मी पण हेच म्हणायचे, मीटिंगमध्ये सगळेच म्हणतात, आणि तेच म्हणत राहिलं की स्वतःकडे बघावंच लागत नाही. आता माझं मत असं झालंय की आपण सगळा जोर बाईला डिलिव्हरीच्या दिवशी दवाखान्यात आणण्यावर लावला, आणि त्याच्या आधीचे सात-आठ महिने आणि ती घरी गेल्यानंतरचा एक महिना जवळपास मोकळा सोडला. मी जेवढे मृत्यू जवळून पाहिले त्यातल्या बहुतेकांची सुरुवात याच मोकळ्या सोडलेल्या काळात झालेली होती, डिलिव्हरीच्या दिवशी फक्त शेवट दिसला.

आकड्यांचं आधीच सांगते. एसआरएसप्रमाणे (जन्म-मृत्यूंच्या सरकारी नमुना पाहणीप्रमाणे) २०१८-२० मध्ये महाराष्ट्राचा मातामृत्यूचा आकडा लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता, देशाचा ९७. ऐकायला छान वाटतं, आणि राज्यासाठी ते छानच आहे. पण हा ३३ घेऊन मेळघाटात जाऊ नका. ३३ म्हणजे साधारण तीन हजार बाळंतपणांमागे एक मृत्यू, म्हणजे ज्या पीएचसीच्या हद्दीत वर्षाला पाचशे बाळंतपणं होतात तिथं सहा वर्षांत एक. ज्या वर्षी तुमच्या हद्दीत दोन बाया जातील त्या वर्षी राज्याच्या सरासरीचं काय करायचं ते तुम्हालाच कळणार नाही.

आता एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव आणि बारीकसारीक गोष्टी गाळल्यात.

जुलै महिना, रात्रीचे साडेअकरा-बारा. तिसरं बाळंतपण, घरीच झालेलं, कारण संध्याकाळी कळा सुरू झाल्या तेव्हा मधल्या नाल्याला पूर होता. बाळ चांगलं रडलं, वारही पडली, आणि मग अंगावरून जायला लागलं ते थांबेना. पाणी उतरल्यावर चार माणसांनी खाट उचलून नाला पार केला, पलीकडून जीप, आणि आमच्याकडे पोचेपर्यंत बाळंतपणाला साडेतीन तास झालेले. सासूला विचारलं किती रक्त गेलं, तर म्हणाली जास्त नाही बाई, एकच लुगडं भिजलं. मी ते लुगडं हातात घेतलं तर ओल्या गोधडीसारखं जड लागत होतं. नाडी १४०, बीपी मशीनवर वरचा आकडा ७० च्या आसपास, डोळ्यांच्या पापण्या आतून कागदासारख्या पांढऱ्या. पोटावर हात ठेवला तर गर्भपिशवी मऊ, कणकेच्या गोळ्यासारखी, आवळलेलीच नाही. मसाज, पिशवी आवळायला ऑक्सिटोसिन आणि मिसोप्रोस्टॉल, दोन्ही हातांना सलाईन, कॅथेटर, शेवटी कंडोम टॅम्पोनाड, म्हणजे कॅथेटरच्या टोकाला कंडोम बांधून पिशवीत सरकवायचा आणि सलाईनने फुगवायचा, बांगलादेशच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी शोधलेली ही साधी युक्ती आहे आणि तुम्ही जायच्या आधी कोणाकडून तरी हाताने शिकून घ्या. रक्तस्राव कमी झाला. पण जे गेलं होतं ते परत भरायला आमच्याकडे रक्त नव्हतं. ती घाटातच दगावली, ॲम्ब्युलन्समध्ये, आमची नर्स सोबत होती.

नंतर मातामृत्यू अन्वेषणाचा फॉर्म भरावा लागतो. त्यात मी लिहिलं "आणण्यास उशीर". माझ्याच हातचं ते अक्षर मला अजून टोचतं. कारण दुसऱ्या दिवशी तिचं कार्ड नीट उलगडून पाहिलं तर दिवाळीनंतरची एकच नोंद होती, हिमोग्लोबिन ७.२, पुढे लिहिलेलं "आयर्न गोळ्या दिल्या". त्यानंतर ती नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर गेली, होळीला परत आली, होळी झाल्यावर पुन्हा गेली, आणि थेट जूनमध्ये गावात आली. अर्धा लिटर रक्त गेलं तर चांगल्या अंगाची बाई ते पेलते, सातच्या आसपास हिमोग्लोबिन असलेली बाई पेलू शकत नाही, तिच्यासाठी तेच अर्धा लिटर जीवघेणं असतं. म्हणजे उशीर सात-आठ महिन्यांपूर्वी झालेला होता आणि तो आमच्या उपकेंद्रात झालेला होता. त्या दिवशी ७.२ हा आकडा लिहिणाऱ्याने तो पुढे कोणाला सांगितला नाही, आणि मी महिन्याच्या रिपोर्टमध्ये फक्त "एएनसी (गरोदरपणातली) तपासणी" एवढाच आकडा बघत होते.

म्हणून पहिली गोष्ट हिमोग्लोबिन. ११ च्या खाली ॲनिमिया आणि ७ च्या खाली गंभीर हे पुस्तकात वाचलंच असेल, पण ज्या भागातून रक्त मिळण्याच्या ठिकाणी पोचायला चार-पाच तास लागतात तिथं ८ ला सुद्धा गंभीर समजूनच वागायचं, निदान मी तसं वागायला लागले. गोळ्या नुसत्या हातात देऊन उपयोग नाही. बाया खात नाहीत, आणि त्याला कारणं आहेत: उपाशीपोटी घेतली की मळमळतं, शौच काळी होते त्याची भीती वाटते, बाळ मोठं झालं तर बाळंतपण अडेल असंही वाटतं. हे त्यांना विचारल्याशिवाय कळत नाही. रात्री जेवणानंतर घ्या, चहाबरोबर नको, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, शौच काळी होणं म्हणजे गोळी पोटात जातेय याची खूण, एवढं जरी तिच्या भाषेत नीट सांगितलं तरी फरक पडतो. जिचं फारच कमी आहे किंवा जी आठ-पंधरा दिवसांत भट्टीवर जाणार आहे तिला आयर्नची इंजेक्शनं सलाईनमधून द्या, जायच्या आधी. आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची टेस्ट प्रत्येकीची करा, आदिवासी पट्ट्यात ती न करता नुसतं आयर्न भरत राहणं बरोबर नाही, सिकलसेलच्या बाईचं बाळंतपण पूर्ण वेगळ्या तयारीचं असतं आणि ती तुमच्या पीएचसीत व्हायलाच नको.

स्थलांतराचा विषय निघालाच आहे तर. मेळघाटातली बरीच घरं सोयाबीन-मका निघाला की कामाला बाहेर पडतात, होळीला येतात कारण होळी हा इथल्या कोरकू आदिवासींचा सगळ्यात मोठा सण, आणि मग पुन्हा पावसाळ्यापर्यंत बाहेर. म्हणजे गरोदरपणाचे मधले महिने बाई तुमच्या रजिस्टरमध्ये असते पण गावात नसते. होळीचा आठवडा हा तुमच्यासाठी वर्षातला सगळ्यात महत्त्वाचा आठवडा आहे, सुट्टी त्या वेळी टाकू नका. त्या आठ दिवसांत गावोगावी कॅम्प लावून वजन, बीपी, एचबी, सिकलसेल, धनुर्वाताचं इंजेक्शन सगळं उरकायचं, पुढच्या महिन्यांच्या गोळ्या एकदम द्यायच्या, मुकादमाचा फोन नंबर लिहून घ्यायचा. मुकादमाचा नंबर फार कामाचा असतो, बाईकडे फोन नसतो पण मुकादमाकडे असतोच.

बीपीबद्दल थोडक्यात. १४०/९० च्या वर, डोकं दुखतं, डोळ्यांपुढे अंधारी, पोटात वरच्या बाजूला कळ, यातलं काहीही असेल तर रेफर. झटका आलाच तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस दिल्याशिवाय गाडीत घालू नका, दोन्ही कुल्ल्यांत खोल ५-५ ग्रॅम, म्हणजे ५० टक्केवाल्या २ मिलीच्या एकूण दहा ॲम्प्युल. मी अशा बाया पाहिल्यात ज्यांना इंजेक्शन न देता घाईघाईत ॲम्ब्युलन्समध्ये चढवलं आणि घाटात पुन्हा झटका आला. दहा ॲम्प्युल एका डब्यात, सोबत सिरिंज, डब्यावर मोठ्या अक्षरात नाव, रात्री तीन वाजता शोधाशोध व्हायला नको.

आता "येत नाहीत" चं. तुम्ही एकदा स्वतःला त्या बाईच्या जागी ठेवून बघा. कोरकू ही संथाली-मुंडारीच्या कुळातली भाषा आहे, मराठी-हिंदीशी तिचं नातं नाही. आपल्याशी त्या बाया तोडकंमोडकं हिंदी बोलतात, पण कळा सुरू झाल्या की हिंदी विसरतात, आणि त्याच वेळी आपण त्यांच्यावर ओरडत असतो की पाय वर कर, जोर लाव, आता नको लावू. घरी ती उकिडवी बसून, दोरीला किंवा बाईच्या खांद्याला धरून बाळंत झालेली असते, इथं तिला उताणं झोपवून दिवा लावतात. घरी दाई तिच्या पाठीवरून हात फिरवत असते, इथं त्याच दाईला बाहेर बाकड्यावर बसवलं जातं. मी काही वर्षांनी दाईला आत घ्यायला लागले. सिस्टरांना सुरुवातीला आवडलं नाही, स्वच्छतेचा मुद्दा काढला, मग दाईचे हात साबणाने धुवून घ्यायचे, गाऊन घालायचा, आणि तिने उशाशी बसून कोरकूत बोलत राहायचं असं ठरवलं. त्यानंतर लेबर रूममधला आरडाओरडा एकदम कमी झाला, आमचाही. पहिल्या कळा उभ्याने, चालत, बसून काढू द्या, वैद्यकीयदृष्ट्या त्यात काहीही चूक नाही. ज्यांना वार घरी नेऊन पुरायची असते त्यांना ती नीट पिशवीत बांधून द्या. एवढ्या तेवढ्या गोष्टीवरून पुढच्या वेळी ती बाई येणार की नाही हे ठरतं, आणि तिच्या तीन जावा येणार की नाही हेही.

पैशाच्या योजना आहेत, त्या वाईट नाहीत. जननी सुरक्षा योजनेचे ग्रामीण भागात ७०० रुपये, मातृ वंदनाचे पहिल्या बाळाला ५,००० आणि दुसरी मुलगी झाली तर ६,०००, जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून औषधं, तपासण्या, जेवण, जाणं-येणं सगळं फुकट, अमृत आहार योजनेत अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण. यातलं जेवण मला सगळ्यात मोलाचं वाटतं कारण ते लगेच पोटात जातं. बाकी पैसे अडकतात ते आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव जुळत नाही म्हणून. तिसऱ्या महिन्यातच आशाताईला सांगून आधार आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवून नाव वाचायला लावा.

माहेरघर मात्र वेगळं लिहिलं पाहिजे. कल्पना फार चांगली, तारीख जवळ आलेल्या बाईने चार-पाच दिवस आधी पीएचसीजवळ येऊन राहायचं, पावसाळ्यात तर याला तोडच नाही. पण कित्येक ठिकाणी खोली रिकामी असते आणि आपण म्हणतो की बायांना यायचं नाही. मी एका बाईला विचारलं होतं, का गं येत नाहीस, तर तिने हिशोबच मांडला: घरी दोन लेकरं, तीन बकऱ्या, एक म्हातारा सासरा, रोवणीचे दिवस. मी पाच दिवस इथं बसले तर त्यांना भाकर कोण देणार. या हिशोबात चूक काहीच नव्हती. मग आम्ही लहान लेकरांना सोबत आणायला सांगितलं, बरोबरच्या बाईलाही जेवण दिलं, आणि स्वयंपाक आमच्याकडून न देता चूल-लाकूड देऊन त्यांचा त्यांना करू दिला. पूर्ण भरलं असं नाही म्हणणार, पण निदान पुराच्या पलीकडच्या गावांतल्या बाया यायला लागल्या.

आता बाळांकडे येते, आणि इथं मी जास्त वेळ घेणार आहे.

नवजात बाळं जातात त्यातली पाऊणएक पहिल्या आठवड्यातच जातात, हे जगभर सगळीकडेच आहे. आपण बाळंतिणीला ४८ तास ठेवतो (ठेवायला हवं, पुष्कळदा ती दुसऱ्या दिवशी सकाळीच निघून जाते) आणि मग ॲम्ब्युलन्सने घरी सोडतो. म्हणजे तिसऱ्या दिवसापासून बाळ घरात, आणि दुखणं सुरू होण्याचे दिवस नेमके हेच.

डंबा हा शब्द तुम्ही ऐकला असेलच. लहान बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने किंवा लोखंडाने चटके द्यायचे. बाहेरून आलेला प्रत्येक जण यावर चिडतो, मीही चिडले होते. माझ्यापुढे नऊ दिवसांचं बाळ आलं, बेंबीभोवती ओळीने काळे पडलेले चट्टे, आणि मी त्याच्या आजीला इतकं बोलले की ती बाई रडतच बाहेर गेली. बाळाला सेप्सिस, म्हणजे अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग होता, इंजेक्शनं सुरू केली, पुढे पाठवलं, सुदैवाने वाचलं. आठ दिवसांनी त्या घरी गेले तेव्हा आजीला शांतपणे विचारलं, चटके कधी दिले आणि का दिले. ती म्हणाली, बाळ आदल्या रात्रीपासून दूध ओढत नव्हतं, रडणं बारीक झालं होतं आणि पोट टम्म फुगून वर निळ्या शिरा दिसायला लागल्या होत्या. पोट असं फुगलं की बाळ जातं, हे मी माझ्या दोन लेकरांचं बघितलंय, म्हणून डंबा दिला.

मी तिथंच गप्प झाले. कारण गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या बायकांना नवजात बाळातला जंतुसंसर्ग ओळखायला शिकवलं, त्यासाठी जी सात लक्षणं ठरवली त्यात रडणं क्षीण होणं, दूध ओढणं कमी होणं आणि पोट फुगणं ही तीनही आहेत, आणि सातातली दोन एकत्र दिसली की सेप्सिस समजून उपचार सुरू करायचे असा त्यांचा नियम. या आजीने तीन ओळखली होती. कुठल्याही ट्रेनिंगशिवाय, आदल्या रात्रीच. तिचं निदान बरोबर होतं, उपचार चुकीचा होता, आणि योग्य उपचार तिच्या घरापासून १९ किलोमीटरवर होता. तिला वेड्यात काढून आपण काय गमावतो बघा, चट्टे दिसले की डॉक्टर ओरडणार हे एकदा कळलं की पुढच्या वेळी ती बाळ आणणारच नाही, लपवणार. चटक्याने कातडी जळते आणि जंतूंना आत शिरायला आणखी एक दार मिळतं हे तिला सांगायलाच हवं, आणि मी सांगितलंही, पण आधी तिला म्हटलं की आजी तुम्ही ओळखलंत ते बरोबर होतं, पुढच्या वेळी पोट फुगलेलं दिसलं की विळा तापवायच्या आधी आशाताईला हाक मारा. भूमकाबद्दलही, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैदूबद्दलही तेच. बाळाचं काही झालं की लोक आधी भूमकाकडे जातात, तर त्याच्याशी भांडून काय मिळणार, मेळघाटात भूमकांना पेशंट दवाखान्यात पाठवल्याबद्दल मानधन देण्याचा प्रयोग झालाय आणि माझ्या मते ती दिशा बरोबर आहे. तुम्ही गेल्यावर प्रत्येक मोठ्या गावातल्या भूमकाला जाऊन भेटा, त्याच्या अंगणात बसून चहा घ्या, आणि त्याने पाठवलेला पेशंट कधीही, म्हणजे कधीही, ताटकळत ठेवू नका.

गडचिरोलीच्या त्या कामाबद्दल अजून एक, कारण ते समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ३९ गावांत त्यांनी गावातल्याच बाईला बाळाचं वजन करायला, ताप मोजायला, गुदमरलेल्या बाळाला श्वास द्यायला आणि सेप्सिसला जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं, आणि नवजात मृत्यू हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आले. १९९९ साली हे लॅन्सेटमध्ये छापून आलं आणि २०११ मध्ये केंद्राने आशांमार्फत घरभेटी देशभर सुरू केल्या. आज तुमच्या हाताखालच्या आशाताई ज्या एचबीएनसीच्या (नवजात बाळाच्या घरच्या देखभालीच्या) भेटी देतात, दवाखान्यात डिलिव्हरी झाली असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, आणि घरी झाली असेल तर पहिल्या दिवशी सुद्धा, त्या इथून आल्या. सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की आशाला २५० रुपये मिळतात. डोंगरातल्या दोन पाड्यांवर पायी जाऊन सहा भेटींचे २५०. मग काही भेटी कागदावरच होतात यात मला तरी नवल वाटत नाही. मी आशांवर रागावणं सोडून त्यांच्या बॅगा उघडून बघायला सुरुवात केली: थर्मामीटरचा सेल संपलेला, वजनकाट्याची झोळी फाटलेली, घड्याळ बंद. बॅगा नीट केल्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवसाची भेट काहीही झालं तरी चुकवायची नाही एवढंच ठरवलं, आणि त्या दोन दिवशी आशाने मला किंवा सिस्टरला फोन करायचा, नेटवर्क असेल तिथून. बाकी भेटी महत्त्वाच्या नाहीत असं नाही, पण सगळंच धरायला गेलं की काहीच हातात राहत नाही.

अशाच एका तिसऱ्या दिवसाच्या भेटीतून १९०० ग्रॅमचं बाळ सापडलं होतं. डिसेंबर, चिखलदऱ्याच्या बाजूला थंडी किती असते ते तुम्हाला कळेलच. आशाताईने बाळाच्या पोटाला हात लावला, मग तळपायांना, पोट कोमट आणि पाय बर्फ. थर्मामीटरवर ३५.४. बाळ वेगळं, झोळीत, दोन फडक्यांत गुंडाळलेलं. फडकी कितीही गुंडाळा, एवढ्याशा बाळाला स्वतःची पुरेशी ऊब तयारच करता येत नाही, फडकं फक्त असलेली ऊब धरून ठेवतं. तिने फडकी काढली, बाळाला टोपी-मोजे घातले, आईची चोळी सोडवून उघड्या छातीवर उभं ठेवलं, वरून आईच्याच लुगड्याने घट्ट बांधलं आणि त्यावर घोंगडी. तासाभराने पाय कोमट झाले, दोन तासांनी बाळाने तोंड उघडून शोधायला सुरुवात केली. आई थकली की वडिलांच्या छातीवर, तो पोरगा सुरुवातीला लाजला, मग चुलीपुढे बसून बाळ छातीशी धरूनच विडी ओढायला लागला तेव्हा आशाताईने विडी काढून घेतली. छातीशी बाळ बांधायची ही कांगारू पद्धत १९७८ साली बोगोटात सुरू झाली ती इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणून, पण २०२१ मध्ये भारतासह पाच देशांत झालेल्या अभ्यासात दिसलं की १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्याबरोबर, स्थिर होण्याची वाट न बघता आईच्या अंगाशी ठेवलं तर मृत्यू पाव हिश्श्याने कमी होतात. तेव्हा ही गरिबांची तडजोड आहे असं मनातून काढून टाका. रेफर करतानाही बाळ आईच्या छातीला बांधूनच पाठवा, ट्रेमध्ये किंवा नातेवाइकाच्या मांडीवर नाही. घाट उतरेपर्यंत बाळ गार पडतं आणि पुढच्या दवाखान्यात पोचतं तेव्हा मूळ दुखण्यापेक्षा गारठ्यानेच मरणाच्या दारात असतं.

तुमच्या लेबर रूममध्ये बाळासाठी काय हवं तेही सांगते. पंखा बंद, खिडकी बंद, दोन कोरडे कपडे आधी गरम करून ठेवलेले, बॅग आणि मास्क हाताशी आणि मास्क बाळाच्या मापाचा. रडलं नाही तर पुसून, पाठ चोळून, पहिल्या मिनिटाच्या आत बॅगेने श्वास सुरू, मिनिटाला ४० ते ६०. आमच्याकडे एकदा बॅग होती पण मास्क मोठ्या माणसाचा होता, हे कळायला बाळ जन्मावं लागलं. दर सोमवारी सकाळी सिस्टरने बाहुलीवर एकदा बॅग चालवून दाखवायची असा नियम मी त्यानंतर केला. रडणाऱ्या बाळाची नाळ लगेच कापू नका, एक ते तीन मिनिटं थांबा, आई ॲनिमिक असलेल्या भागात ते रक्त बाळाला फार उपयोगी पडतं. चीक पिळून टाकतात काही घरांत, तो पहिल्या तासातच बाळाच्या तोंडात जाईल एवढं तुम्ही समोर उभं राहून करून घ्या, नंतर सांगून फायदा नसतो. आणि अंघोळ नको, हलक्या बाळाला तर आठवडाभर नको.

रुजू झाल्यावर पहिल्याच दिवशी फ्रीज बघा. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशात राहायला हवं, आणि मेळघाटात लाईट जाते, कधी दोन-दोन दिवस. कितीतरी वेळा "इंजेक्शन दिलं पण रक्त थांबलं नाही" याचं कारण इंजेक्शनच मेलेलं होतं हे असतं. आइसपॅक, तापमानाची वही, आणि मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या ज्यांना फ्रीज लागत नाही. मग १०८ आणि १०२ च्या ड्रायव्हरचे स्वतःचे नंबर घ्या, जवळच्या स्त्री रुग्णालयातल्या लेबर रूमचा नंबर घ्या, रेफर करताना फोन करून सांगा की पेशंट निघालाय, ब्लड ग्रुप अमुक, रक्त तयार ठेवा. चिठ्ठीवर दिलेल्या औषधांची वेळ लिहा. हे शिकायला मला दोन वर्षं लागली.

तुम्ही एप्रिल-मेमध्ये रुजू होणार असाल तर त्याच आठवड्यात एक यादी करायला घ्या. जून ते सप्टेंबर ज्यांच्या तारखा आहेत त्या सगळ्या बाया, त्यातल्या नाल्यापलीकडच्या आणि सिपना नदीपलीकडच्या वेगळ्या शाईने. प्रत्येकीपुढे शेवटचं हिमोग्लोबिन, ब्लड ग्रुप, आधीची बाळंतपणं कशी झाली, आत्ता गावात आहे की भट्टीवर, मुकादमाचा नंबर, आणि पूर आला तर खाट कोण उचलणार त्या चौघांची नावं. ती चार नावं आशाताईला विचारा, तिला माहीत असतात. यादी लेबर रूमच्या भिंतीवर लावा, कॉम्प्युटरमध्ये नको, आणि दर आठवड्याला पेन्सिलने दुरुस्त करा.

काही अडलं तर विचारा, रात्री विचारलं तरी चालेल.